चंद्रपूरचा परकोट पायी: खिशातून किती जातं?

मंगळवारी ताडोबाचं कोअर क्षेत्र बंद असतं. वाघासाठी निघालेल्यांना हे बहुतेक वेळा बुकिंग झाल्यावर कळतं. मग सोमवारची रात्र मोहर्लीला काढलेल्या कुटुंबाला कुणीतरी सुचवतं, ‘गाडी करून देतो, चंद्रपूर पाहून या, महाकालीचं दर्शन होईल, अडीच हजार द्या.’ दर्शन जरूर घ्या, अडीच हजार मात्र वाचवा. जुनं चंद्रपूर परकोटाच्या आत आहे. गाडीच्या काचेतून ते दिसत नाही, आणि आतल्या पेठांत गाडी लावायला जागाही मिळत नाही. हे पायी बघायचं शहर आहे. सकाळी सहाला निघून दुपारच्या जेवणापर्यंत फिरायला माणशी तीनशे-साडेतीनशे रुपये पुष्कळ झाले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक खाण्यावर जातात.

पुढचे आकडे तीन प्रकारचे आहेत. एसटीचे दर सरकारी आहेत आणि नेमके आहेत. ऑटो, जेवण, लॉज यांचे दर अंदाजी आहेत, दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरावेत. आणि काही ठिकाणी आकडा शून्य आहे, तिथे कुणी पैसे मागितले तर हसून पुढे जावं.

शून्यापासूनच सुरुवात करू. चार वेशी आहेत: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. पाच खिडक्या आहेत: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. यातल्या कशालाच तिकीट नाही. अंचलेश्वर आणि महाकाली ही देवळं, गोंड राजांच्या समाध्या, लालपेठच्या शिळामूर्ती, यांनाही नाही. जपानच्या क्योतोत हातात नकाशा घेऊन एकट्याने फिरणाऱ्यांची गर्दी असते, पण तिथल्या मोठ्या देवळांपैकी बहुतेकांच्या दारात तिकीट फाडावं लागतं, आणि दिवसाअखेर तीच रक्कम मोठी होते. इथे दाराशी खर्च नाही. तो उन्हाचा, पाण्याचा आणि ऑटोचा आहे. क्योतोत मिळतो तसा सुबक नकाशा आणि चौकाचौकातला फलक मात्र इथे मिळणार नाही. त्यामुळे वाट विचारण्याची लाज सोडायची.

पोहोचायचा खर्च

नागपूरहून रेल्वे सगळ्यात स्वस्त. चंद्रपूर दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावर आहे. साध्या डब्याचं तिकीट शंभर रुपयांच्या आसपास पडतं आणि तीन-सव्वातीन तासांत माणूस पोहोचतो. तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट बघा. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं ‘चांदा फोर्ट’ हे वेगळं स्टेशन आहे. नावात फोर्ट आहे म्हणून किल्ल्याच्या दारात उतरू, असं समजून कुणी तिथे उतरलं तर ऑटोचा भुर्दंड ठरलेला.

एसटीचं गणित सोपं आहे. सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात, आणि जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसला टप्प्यामागे १० रुपये ५ पैसे लागतात. नागपूर-चंद्रपूर दीडशेच्या थोडं वर किलोमीटर आहे, म्हणजे अडीचशे ते पावणेतीनशे रुपये झाले. महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. आजी, आई आणि दोन मुली असा घरचा गोतावळा निघाला असेल तर एसटीपुढे कुठलीच गाडी स्वस्त पडत नाही. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं, कंडक्टर बघतो. मोहर्लीहून चंद्रपूर तिसेक किलोमीटर आहे, म्हणजे पन्नास-साठ रुपये. पण त्या मार्गावर गाड्या मोजक्याच, त्यामुळे वेळ आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

स्टेशनवरून जटपुरा गेटला शेअर ऑटो माणशी वीस रुपये. बाहेर पडल्या पडल्या पाठीवर बॅग दिसली की ‘कुठी जाचं हाये साहेब, ताडोबा का?’ असा प्रश्न येतो. ‘जटपुरा गेट’ एवढंच सांगा. ताडोबा म्हटलं की आकड्याला एक शून्य वाढतं. स्पेशल ऑटो केला तर साठ-सत्तर. चालत गेलात तरी अर्ध्या तासाच्या आत पोहोचाल.

रात्री राहायचं असेल तर स्टेशन आणि बसस्टँडच्या आसपास साधी खोली सातशे ते बाराशेत मिळते, एसी हॉटेल अठराशेच्या पुढे. माझा सल्ला राहण्याचाच आहे, कारण या फेरीचा सगळा जीव सकाळच्या पहिल्या तीन तासांत आहे, आणि नागपूरहून पहिली गाडी धरूनही ते तास हाती लागत नाहीत. निघताना सामान लॉजच्या काउंटरवर ठेवू देतात. त्याचे वेगळे पैसे द्यायचे नसतात.

जटपुऱ्यापासून सुरुवात

सहा वाजता जटपुरा गेटखाली उभं राहावं, कारण नऊनंतर तिथे उभंच राहता येत नाही. अख्ख्या शहराची वाहतूक या एका कमानीतून आत-बाहेर करते. गेटची कोंडी हा चंद्रपूरकरांचा जुना आणि न सुटणारा विषय आहे. सकाळी मात्र मान वर करून निवांत बघता येतं. कमानीच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेलं गोंड राजचिन्ह आहे: हत्तीवर झेपावलेला सिंह. चंद्रपुरात हे चिन्ह पुन्हा पुन्हा भेटतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना ते मोजायला लावा, चार वेशी होईस्तोवर कुरकुर करणार नाहीत.

परकोटाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. ती १८६९ साली मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या सेटलमेंट रिपोर्टात टिपून ठेवली आणि तेव्हापासून सगळे तीच सांगत आले आहेत. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरच्या गाठींनी त्रस्त होता. शिकारीत तहानला आणि झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी प्याला. त्या पाण्याने अंग बरं झालं, तिथे अंचलेश्वराचं देऊळ आलं. मग एके दिवशी त्याच्या कुत्र्यामागे ससा लागलेला त्याला दिसला. कुत्रा पुढे, ससा मागे. राणी हिरातानी म्हणाली, ही जागा साधी नाही, ससा जसा धावला त्या मागावर तट बांधा. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, तट असा वेडावाकडा का वळतो याचं याहून मजेदार उत्तर कुणाकडे नाही. बांधकाम पुढच्या राजांच्या काळात पुरं झालं. परीघ अकरा किलोमीटरच्या आसपास धरतात, उंची पंधरा ते वीस फूट.

अकरा किलोमीटर सलग चालता येईल अशी आशा करू नका. काही ठिकाणी तटाला घरं टेकलेली आहेत, काही ठिकाणी झुडपं माजतात. जो भाग आज चालण्याजोगा आहे त्याचं श्रेय इको-प्रो संस्थेच्या लोकांना द्यायला हवं. २०१७ च्या मार्चपासून बंडू धोत्रे आणि त्यांचे कार्यकर्ते रोज सकाळी फावडं-कुदळ घेऊन तटावर जात राहिले आणि बुरुजामागून बुरूज मोकळा करत गेले. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख झाला. संस्था हेरिटेज वॉकही घेत आली आहे. आदल्या दिवशी शहरात चौकशी करा. वॉक असेल तर त्याच्याबरोबरच निघा, कारण तटावर कुठून चढायचं आणि कुठे उतरायचं हे परक्या माणसाला चटकन सापडत नाही.

जटपुऱ्यातून आत शिरलं की महात्मा गांधी मार्गाने गांधी चौकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल. दुकानांची शटरं अजून खाली असतात, त्यामुळे वरच्या मजल्यांकडे लक्ष जातं. जुनी लाकडी सज्जे असलेली काही घरं अजून तगून आहेत.

गांधी चौकाच्या आसपास तर्री-पोह्याच्या गाड्या लागतात. प्लेट वीस-तीस रुपये, चहा दहा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी तर्री बाजूला मागावी. वरून ओतली की मग तक्रार करायला जागा राहत नाही. पाण्याची बाटली भरून घ्यायची ती इथेच. पुढे समाध्यांच्या बाजूला दुकानं विरळ होतात. आणि ज्या गोष्टीचा उल्लेख प्रवासलेखांत कधीच नसतो ती सांगतो: स्वच्छतागृह. लॉजवरून निघतानाच उरकून घ्या, नाहीतर बसलात त्या हॉटेलात विचारा. महिलांसाठी परकोटाच्या आत भरवशाची सोय फारशी नाही. फेरी सकाळी अकरापर्यंतच ठेवण्याचं हेही एक कारण.

परकोटाच्या आतच जिल्हा कारागृह आहे. गोंडांचा राजवाडा होता ती जागा ही. गडचिरोलीच्या बाजूचे जमीनदार बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना इथे फाशी दिलं. कारागृहाच्या आवारातला पिंपळ त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि दरवर्षी त्या तारखेला आदिवासी समाज इथे मोठ्या संख्येने जमतो. एरवी बाहेरूनच बघायचं, फोटो काढायचा नाही. मोहरमच्या दिवसांत आतल्या गैबीशहा वलींच्या दर्ग्यासाठी कारागृहाची दारं लोकांना उघडतात, ही बहुधा महाराष्ट्रातली एकुलती एक जत्रा असावी जिला जायला तुरुंगाच्या फाटकातून आत शिरावं लागतं.

अंचलेश्वर आणि महाकाली

गांधी चौकातून पूर्वेकडे अंचलेश्वर गेट, आणि गेटाबाहेर पडताच झरपटकाठी अंचलेश्वराचं देऊळ. याच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं सकाळच्या तिरप्या उन्हात बघण्यासारखी आहेत. शेजारीच गोंड राजांच्या समाध्या. सगळ्यात मोठी बीरशहाची. बीरशहाचा खून झाला, त्यानंतर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी हिराईने राज्य सांभाळलं आणि नवऱ्याची ही समाधी बांधली. हिरातानी वेगळी, हिराई वेगळी. दोघींमध्ये दोन-अडीच शतकांचं अंतर आहे, तरी रिक्षावालेच काय, छापील पत्रकंही घोळ करतात. या आवारात एक तास सहज जातो. माझ्या मते अख्ख्या फेरीतला सर्वांत उत्तम तास हाच. मोबाइलने फोटो काढायला कुणी अडवत नाही. ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

इथून महाकाली मंदिर जवळच, दहा मिनिटांवर. आजच्या देवळाची उभारणी हिराईच्याच काळातली सांगतात. दर्शन फुकट. ओटी, नारळ, फुलं घ्यायची तर पन्नास ते शंभर. हातात थाळी ठेवून ‘आधी घ्या, पैसे नंतर द्या ताई’ म्हणणाऱ्यांना आधीच किंमत विचारा. ताडोबा बंद म्हणून जो मंगळवार तुमच्या हाती लागला, तोच देवीचा वार. त्या दिवशी रांग लांब असते. तेव्हा मंगळवारी फेरी उलटी करावी, साडेसहाला आधी महाकाली, मग समाध्या, मग गांधी चौकात पोहे.

चैत्रात पौर्णिमेपर्यंत महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेड-परभणीकडून, आणि तेलंगणातून भाविक येतात. पोतराज, डफ, झरपटावर आंघोळी. हा सोहळा बघायचा असेल तर अवश्य या, पण तेव्हा खोलीचं भाडं चढतं आणि एप्रिलचं ऊन सकाळी नऊलाच चटके देतं. शांतपणे शहर बघायचं असेल तर ते दिवस टाळा.

लालपेठला जायचं की नाही हे इथे उभं राहून ठरवा. अंतर दीड-दोन किलोमीटर, ऑटो जाऊन-येऊन थांबून दीडशे. रायप्पा कोमटी नावाच्या व्यापाऱ्याला प्रचंड शिवमंदिर बांधायचं होतं. मूर्ती घडल्या, देऊळ झालंच नाही, आणि त्या अवाढव्य शिळा उघड्यावर पडून राहिल्या. सर्वांत मोठी २६ फूट लांब आणि १८ फूट रुंद आहे. मूर्ती दुर्गेची, पण तिला दहा तोंडं असल्यामुळे लोक तिला रावणच म्हणतात. पत्ता विचारताना ‘अपूर्ण देवालय’ म्हटलं तर चारातले तीन जण मान हलवतील. ‘रावण कुठे आहे?’ म्हटलं की शेंबडं पोरही वाट दाखवतं. परिसर कोळसा खाणींचा आहे, पांढरे कपडे घालून जाऊ नका. वेळ कमी असेल तर महाकालीच्या रांगेपेक्षा मी हे निवडेन.

परतताना पाय उरले असतील तर पठाणपुरा गेट. चारही वेशींत ही सर्वांत निवांत. बाहेर शेतं आणि नदीची बाजू लागते. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की इरईचं पाणी मागे तुंबतं आणि या वेशीबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो, तेव्हा जुलै-ऑगस्टात आधी चौकशी करावी. बिनबा गेट अगदी घाईत असाल तर सोडून द्या. रामाळा तलाव मात्र सोडू नका. संध्याकाळी गाडीला वेळ असेल तर स्टेशनला जाण्याआधीचा तास तिथे घालवा. प्रदूषणाने हा तलाव मरणपंथाला लागला होता. त्याच्यासाठी २०२१ च्या फेब्रुवारीत धोत्रे यांनी अन्नत्याग केला, त्यानंतर खोलीकरणाच्या कामाला गती आली.

जेवण, वाटाड्या आणि ऊन

साधी शाकाहारी थाळी १२० ते १५०. सावजी चिकनची प्लेट दोनशे-अडीचशे, भाकरी वेगळी. सावजी खाऊन पुन्हा उन्हात चालायचं धाडस करू नका. फेरी संपवून मगच बसा. म्हणजे हिशेब असा: ऑटो जाऊन-येऊन चाळीस, पोहे-चहा पन्नास, पाणी चाळीस, देवीला पन्नास, थाळी दीडशे, एकूण तीनशे तीस. लालपेठ धरलं तर चौघांत वाटून आणखी चाळीस.

पैसे वाचवायचे ते गाडीवर वाचवा, माणसावर नको. गोंड इतिहासाची आवड असलेला एखादा स्थानिक विद्यार्थी किंवा कार्यकर्ता तीन तास बरोबर आला, तर पाचशे रुपये देणं रास्त आहे. चौघांत वाटले तर सव्वाशे. तटावर आपणहून गप्पा मारायला येणाऱ्या काकांना मात्र पैसे देऊ नका, त्यांना ते आवडणार नाही. चहा पाजा.

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा हंगाम. मे महिन्यात इथला पारा ४७-४८ पर्यंत जातो, आणि देशात सर्वांत तापलेलं शहर म्हणून चंद्रपूरचं नाव पेपरात येतं ते उगाच नाही. १८१८ साली कर्नल अॅडम्सने इंग्रज फौजेनिशी चांद्याला वेढा दिला आणि किल्ला घेतला तो मे महिन्यातच. त्या तोफा ओढणाऱ्यांची कीव येते. तुम्हाला तशी सक्ती नाही. उन्हाळ्यात यावंच लागलं तर साडेपाचला निघा आणि नऊला बंद करा. गमछा विकत घ्या, शंभर-दीडशेत चांगला मिळतो.

आणखी एक दिवस असेल तर: मार्कंडा

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगा उत्तरवाहिनी होते तिथे मार्कंड्याचा मंदिरसमूह आहे. एका आवारात देवळंच देवळं, अंगभर कोरीव. विदर्भाचं खजुराहो म्हणतात, जरी या नावाची त्याला गरज नाही. तिकीट नाही. मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धाराचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलेलं आहे, परांची आणि सुटे दगड दिसतील याची तयारी ठेवा.

इथे मात्र गाडीचा विचार करावा. चंद्रपूरहून मूलमार्गे जाऊन-येऊन दीडशेच्या आत किलोमीटर. बारा ते चौदा रुपये किलोमीटरने दोन हजारांच्या आसपास, ड्रायव्हरचा भत्ता धरून अडीच हजार. चौघांत सव्वासहाशे. एकटे असाल तर एसटीने आधी मूल (पंचेचाळीस किलोमीटर, ऐंशी-नव्वद रुपये), तिथून चामोर्शीची गाडी, आणि शेवटचा टप्पा ऑटोने. जाता-येता अडीचशे-तीनशेत भागतं, पण अख्खा दिवस जातो. महाशिवरात्रीला मोठी यात्रा असते आणि एसटी जादा गाड्या सोडते. तेव्हा थेट मार्कंड्याची बस मिळते, बसायला जागा मिळेलच असं नाही. इतर दिवशी चामोर्शीत उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या आणि ऑटोवाल्याला त्या हिशेबाने थांबायला सांगा. थांबण्याचे शंभर रुपये वेगळे, ते आधी ठरवा.